गाडीचं नाक वर

"उघडल्याशिवाय कळणार कसं?" हे चष्मेवाल्याचं आवडतं वाक्य. या वाक्यापायी घरातलं भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर आणि बायकोचं शिवणयंत्र यांची आतडी जेवणाच्या टेबलावर येऊन गेली होती. घड्याळ तेवढं परत चालू झालं. बाकीच्यांचे उरलेले स्क्रू एका बरणीत होते, आणि नेमकी ती बरणी सासऱ्यांनी पाहिलेली होती.

आज रविवार, दुकान बंद, आणि स्वारीनं सकाळीच गाडीचं बॉनेट उघडलं. गाडी सासऱ्यांची. बायको हिच्यावरच गाडी शिकली, आणि लग्नाआधी तिनं चष्मेवाल्याला पहिल्यांदा फिरवून आणलं तेही हिच्यातूनच. तेव्हा तो जीव मुठीत धरून बसला होता, पण उतरताना लग्नाचं विचारूनच उतरला. आता दोघांचाही हिच्यावर जीव. पण गेले तीन आठवडे गाडी दहा मिनिटं चालली की तापमानाचा काटा लाल रेघेत जाऊन बसायचा. शेवटी सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला.

"पाच वाजता भंगारवाला येतोय, जावईबापू. त्याआधी अर्धा तास काटा मध्यावर राहिला, तर गाडी राहील. नाहीतर जाईल."

"बाबा, थर्मोस्टॅट अडकलाय. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप असते ती. झडप उघडली नाही की पाणी फिरत नाही. नवा आणलाय, तासाभराचं काम."

"असेल बुवा. पाण्यात मात्र खोट काढू नका. महिन्यापूर्वी सगळं पाणी मी माझ्या हातानं बदललंय. एक थेंब जुना ठेवला नाही!"

चष्मेवाल्यानं पाणी काढलं, दोन बोल्ट सोडवले आणि काळाकुट्ट, शेवाळल्यासारखा जुना थर्मोस्टॅट बाहेर काढला. आता शहाण्या माणसानं नवा बसवला असता. पण ही झडप उघडते तरी कशी? मध्ये म्हणे मेण असतं आणि ते तापून फुगतं. हे बघायला नको? त्यानं जुना आणि नवा, दोन्ही एका पातेल्यात घातले आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

पाणी उकळायच्या बेतात असताना फोन आला. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर गिऱ्हाइक स्वतःच बसलं होतं. त्याची समजूत घालून चष्मेवाला परत आला, तर गॅस बंद आणि पातेलं गायब.

"अगं, पातेल्यात दोन वस्तू होत्या!"

"होत्या की. घासून ठेवल्यात," बायको म्हणाली. "माझ्या ओट्यावर काळं-बिळं काही चालत नाही मला."

ओट्यावर दोन थर्मोस्टॅट शेजारी शेजारी चमकत होते. तिनं काथ्या, चिंच, पावडर, काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं.

"यातला नवा कुठला?"

"आता दोन्ही नवेच," ती समाधानानं म्हणाली.

काठावर काहीतरी बारीक कोरलेलं होतं, पण भिंग दुकानात. मग चष्मेवाल्यानं डोकं चालवलं. जास्त चमकतो तो नवा. तो त्यानं बसवला, दुसरा खिशात टाकला, काढलेलं पाणी परत भरलं आणि ऐटीत गाडी चालू केली. सहाव्या मिनिटाला काटा लाल रेघेत. आधी निदान दहा मिनिटं तरी लागायची.

"प्रगती आहे," सासरे म्हणाले.

चष्मेवाला हळूच बाजूला सरकला. त्यानं गुपचूप मेकॅनिकला फोन लावला.

"हीटर लावून बघितला का?" मेकॅनिकनं विचारलं.

"लावला. गार वारा येतोय."

"मग आत हवा अडकलीय. ती गरम पाण्याला फिरून हीटरपर्यंत येऊच देत नाही. गाडी पूर्ण गार होऊ द्या, मग रेडिएटरचं झाकण काढा, हीटर फुल्ल ठेवा, गाडीचं नाक वर करा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे यायचे थांबले आणि हीटर गरम झाला, की काम झालं."

"नाक वर कशानं करू?"

"चढावर लावा. नाहीतर जॅक लावा."

रस्ता पाटासारखा सपाट. आणि जॅक? जॅक आत कसा चालतो हे चष्मेवाल्यानं गेल्याच वर्षी उघडून पाहिलं होतं. गाडी गार होईपर्यंत तो विचार करत गाडीभोवती फेऱ्या मारत राहिला आणि एकदम थांबला.

"बाबा, जरा मागच्या सीटवर बसता का? शेपूट खाली गेलं की नाक वर येईल!"

सासरे पुटपुटत बसले. नाक बोटभर उचललं. वर राहणाऱ्या शिवणकामवाल्या मावशी काय चाललंय बघायला खाली आल्या होत्या. त्यांना बसवलं, नाक आणखी उचललं. बायको स्टिअरिंगवर. तेवढ्यात साडेतीनलाच हातगाडी घेऊन भंगारवाला हजर. माणूस दणदणीत, शिवाय हातगाडीवर तराजूची लोखंडी वजनं.

"दादा, बसा ना आत जरा," चष्मेवाला अजिजीनं म्हणाला. "आणि ही वजनं डिकीत ठेवू?"

"अहो, मी गाडी न्यायला आलोय!"

"तेच तर. नेण्याआधी बसून तर बघा!"

भंगारवाल्याला ते पटलं कसं, देव जाणे. पण तो बसला आणि गाडीनं खरोखर नाक वर केलं. इंजिन चालू झालं. रेडिएटरच्या तोंडातून बुडूक करून बुडबुडा आला.

"आला का?" मागून सासऱ्यांनी विचारलं.

"आला! हा बघा, दुसरा!"

"केवढाय?" मावशींना राहवेना.

"लिंबाएवढा!"

भंगारवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. "माझ्यामुळं आला तो. मी हललो ना आत्ता!" मग सगळेच हलायला लागले. मावशी म्हणाल्या, डावीकडं सरका; सासरे म्हणाले, एका तालात सरका. बुडबुडे येतच राहिले, मग बारीक झाले, मग थांबले. आणि एकाएकी हीटरमधून भट्टीसारखी झळ आली.

"गरम! गरम आलं!" तिघं घामाघूम होऊन ओरडली. एवढ्या उकाड्यात हीटरसाठी टाळ्या पिटणारी माणसं त्या रस्त्यानं प्रथमच पाहिली असतील.

झाकण लावलं आणि बायकोनं सगळ्यांना घेऊन अर्धा तास गाडी फिरवली. काटा मध्यावर. जणू चिकटवलाय. उतरताना तिचे डोळे भरून आले होते आणि चष्मेवाल्याला नाचावंसं वाटत होतं.

"हा धरा, पुसा जरा," म्हणत सासऱ्यांनी घामेजलेला चष्मा त्याच्या हातात दिला. चष्मेवाल्यानं तो पुसला आणि सवयीनं स्वतःच्या डोळ्यांपुढं धरला. रुमालाबरोबर खिशातला थर्मोस्टॅटही हातात आला होता. जाड भिंगातून काठावरची अक्षरं लख्ख दिसली. साल होतं. यंदाचं.

म्हणजे नवा त्याच्या हातात होता आणि गाडीत जुनाच बसला होता. म्हणजे जुना ठणठणीत होता. म्हणजे बिघाड फक्त हवेचा. आणि हवा आत गेली कधी? त्यानं हळूच सासऱ्यांकडं पाहिलं. महिन्यापूर्वी, थेंब न् थेंब, माझ्या हातानं.

"तो जुना तुकडा तरी द्या," भंगारवाला हिरमुसून म्हणाला.

"हात लावू नका!" सासऱ्यांनी तो काढूनच घेतला. "इतकी वर्षं इमानानं राबलाय. कपाटात ठेवणार मी. बघा, चमक बघा याची! आताच्या मालाला येईल का ही? जावईबापू, मग बिघाड यातच होता ना?"

बायकोनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती घाईघाईनं डिकीतली वजनं उतरवायला लागली. चष्मेवाल्याच्या जिभेवर उत्तर वळवळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एक गोष्ट न उघडता ठेवली.

"यातच, बाबा."

"वाटलंच मला!" सासऱ्यांनी खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली. "गाडी राहिली! आता तुम्ही हिची काळजीच करू नका. पुढच्या रविवारी परत सगळं पाणी बदलून देतो. माझ्या हातानं."