बत्तीस काड्या आणि भिंगरीराव

"अहो, तुम्ही जरा बाहेरच्या खोलीत बसा ना," बायकोने सकाळपासून सातव्यांदा सांगितलं. सातव्यांदा भिंगरीराव बाहेरच्या खोलीत गेले, खुर्चीच्या पाठीला नुसता हात लावला आणि परत स्वयंपाकघरात आले.

पस्तीस वर्षं त्यांनी घरोघरी टपाल वाटलं होतं. भिंगरीराव हे नाव ऑफिसातल्याच लोकांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की जिन्यातली माणसंसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायची. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, पण त्यांच्या पायांना ही बातमी अजून कुणी कळवली नव्हती. घरात ते एका जागी पाच मिनिटं बसले, तर बायको कपाळाला हात लावून ताप बघायची.

आजचा दिवस मात्र तिचा होता. अकरा वर्षं ती घरातून वाढदिवसाचे केक करून देत होती आणि अकरा वर्षं एखाद्या मोठ्या हॉटेलातून फोन येण्याची वाट बघत होती. तो फोन परवा आला. संध्याकाळच्या पार्टीसाठी चॉकलेट मूसचे तीस ग्लास हवे होते आणि प्रत्येक ग्लासवर कॅरॅमलमध्ये बुडवलेला एक हेझलनट. पाच वाजता हॉटेलचा शेफ स्वतः न्यायला येणार होता. त्याच्या पसंतीस उतरलं, तर हॉटेलातलं सगळं गोड यापुढे हिच्याकडून जाणार होतं.

या हेझलनटाचं काम म्हणजे भलतंच नाजूक. दाण्यात बांबूची काडी खुपसायची आणि साखरेचा पाक मधाच्या रंगावर आला, की दाणा त्यात बुडवून बाहेर काढायचा. मग काडीचं दुसरं टोक टेबलाच्या कडेला फळीखाली दाबायचं आणि दाणा हवेत लटकत ठेवायचा. त्यातून पाकाची तार खाली ओघळत जाते आणि तशीच गोठते. दाण्याला वीतभर लांब, काचेसारखी सोनेरी शेपटी येते. तिला धक्का चालत नाही, वारा चालत नाही आणि वाफ तर अजिबात चालत नाही.

पहिल्या घाण्यात भिंगरीरावांनी दर अर्ध्या मिनिटाला एकेक काडी उचलून "वाळलं का" ते बघितलं. शेपट्या तुटल्या. दुसऱ्या घाण्याला लवकर थंडावा मिळावा म्हणून त्यांनी पंखा लावला. सगळ्या शेपट्या एका दिशेला वळल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

"मी तुमचं काय घोडं मारलंय?" बायको म्हणाली. ती रडवेली झाली होती, आणि ते बघून भिंगरीरावांना मनापासून वाईट वाटलं. काहीतरी भरपाई करावी म्हणून, ती नवा पाक करायला वळलेली असताना, त्यांनी भांड्यातलं क्रीम फेटायला घेतलं. हात शिवशिवत होतेच. फेटता फेटता त्यांना बरं वाटू लागलं, आणि बरं वाटलं म्हणून ते फेटत राहिले. बायकोने मागे वळून बघितलं तेव्हा भांड्यात क्रीम नव्हतं, लोणी होतं.

तिने ते भांडं शांतपणे बाजूला ठेवलं. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. तिने शेवटचे बत्तीस दाणे पाकात बुडवले, काड्या टेबलाच्या कडेला ओळीने मांडल्या, त्यांवर फळी ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"वर बसा."

"कुठे?"

"फळीवर. वजन लागतं. मी क्रीम घेऊन येते. तुम्ही उठलात की काड्या सुटतील. हे शेवटचे आहेत, घरात एक दाणा शिल्लक नाही."

"बसतो की. त्यात काय," भिंगरीराव म्हणाले आणि टेबलावर चढून भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे बत्तीस हेझलनट लटकत होते. बाहेरून दार ओढून लॅच लागल्याचा आवाज आला. घड्याळात अडीच वाजले होते.

पहिली पाच मिनिटं त्यांनी भिंत वाचली. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यातल्या सगळ्या तारखा त्यांनी वाचल्या. मग डाव्या पोटरीला खाज सुटली. खाजवायला वाकलं तर फळी हलणार होती, म्हणून त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याने खाजवली. मग उजव्या पोटरीला सुटली. चार महिने या पायांना घरात काही काम नव्हतं, आणि आता ते जणू एकदम सगळ्या गल्ल्या आठवून निघायच्या तयारीला लागले होते.

साडेतीन वाजता खिडकीतला फोन वाजला. तो चार हातांवर होता. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तो बायकोचाच असणार, हे त्यांना माहीत होतं. आपण उचलला नाही म्हणजे हा माणूस उठून कुठेतरी भटकायला गेला असंच ती समजणार, हेही माहीत होतं. उठून फोन घेतला असता, तर तिचं म्हणणं खरंच झालं असतं. भिंगरीराव ओठ आवळून बसून राहिले.

फोन थांबला, तेव्हा त्यांना दुसरा एक आवाज ऐकू आला. बायकोने कॉफीसाठी अगदी मंद गॅसवर पाणी ठेवलं होतं, जाताना ती ते विसरली होती आणि ते आता खदखदत होतं. वाफ सरळ टेबलाकडे येत होती. हाताशी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा होता. त्यांनी तो उचलला, बसल्या जागेवरून जमेल तेवढा लांब केला आणि गॅसचं बटण ढकललं. ज्योत दुप्पट झाली. त्यांनी दुसऱ्या बाजूने ढकललं. दांडा निसटला, भांड्याचं झाकण खाली पडलं, फरशीवर गरगर फिरलं आणि शांत झालं. चौथ्या प्रयत्नात ज्योत विझली. पोस्टात पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

पण झाकणाचा आवाज जिन्यात गेला होता. चारच्या सुमाराला बेल वाजली.

"भिंगरीराव? काय पडलं हो?" समोर राहणारा सुतार विचारत होता.

"काही नाही. झाकण."

"दार उघडा की मग."

"मला उठता येत नाही."

वीस वर्षं समोर राहून सुताराने या माणसाला जिन्यातसुद्धा कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"उठता येत नाही? तुम्हाला?"

"हो. बसलोय मी."

"किती वेळ बसलाय?"

"दीड तास."

सुताराने आवाज खाली आणून जिन्यातल्या कुणाला तरी सांगितलेलं भिंगरीरावांना स्वच्छ ऐकू आलं. "डॉक्टरांना फोन लावा. माणूस दीड तास एका जागी बसलाय."

"अहो, मला काही झालेलं नाही," भिंगरीराव आतून म्हणाले. "फक्त खाली हेझलनट आहेत."

"काय म्हणाले?" जिन्यातून कुणीतरी विचारलं.

"बरळायला लागलेत," सुतार म्हणाला.

एवढ्यात जिन्यात एक अनोळखी आवाज आला. "मी हॉटेलातून आलोय. ताई आहेत का? जरा लवकरच आलो."

"ताई बाहेर गेल्यात. साहेबांचं काही खरं नाही," सुताराने सांगितलं. "तुम्ही दाराची ही बाजू धरा. मी माझी हातोडी आणतो."

शेफ दारात उभा होता, तोही सुताराच्या हाताखाली. पहिला घाव बसला तेव्हा घराबरोबर टेबलही हादरलं. पाठीमागे, दाण्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर 'टिक्' असा बारीक आवाज झाला. एकतीस.

"दार फोडू नका हो. मी ठीक आहे. ते हलतायत."

"काय हलतंय?"

"हेझलनट."

"अजून तेच चाललंय," सुतार काळजीने म्हणाला आणि त्याने दुसरा घाव घातला. टिक्. तीस. आता एकही जास्तीचा दाणा उरला नव्हता. भिंगरीरावांनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं, श्वास रोखला आणि डोळे मिटले.

"काय चाललंय हे? माझं दार का फोडताय?"

बायकोचा आवाज होता. क्रीमसाठी तिला तीन दुकानं फिरावी लागली होती, आणि नवरा फोन उचलत नाही म्हणून शेवटचा रस्ता ती पळत आली होती. तिने किल्ली लावून दार उघडलं. ती, शेफ आणि हातोडीसकट सुतार असे सगळे आत घुसले आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर थबकले.

भिंगरीराव फळीवर बसलेले होते. ती बघतच राहिली.

"तुम्ही उठला नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, वजन लागतं."

तिने नजर दुसरीकडे वळवली. मग खाली बसून एकेक काडी हळूच सोडवली, शेपट्या कात्रीने सारख्या मापाच्या केल्या आणि दाणे ताटात मांडले. तीसच्या तीस शाबूत होते. शेफने एक दाणा उचलून उजेडात धरला, वर्तमानपत्रावर पडलेला एक चावून बघितला आणि मान डोलावली.

"सुईसारखी सरळ तार आली आहे. आमच्याकडे दहातल्या चार वाकतात," तो म्हणाला. मग त्याने टेबलाकडे बघितलं. "एक विचारू का ताई? यांना वर कशाला बसवलंत? एवढ्याशा काड्यांना फळीचं वजन पुरतं की."

बायकोचे कान लालबुंद झाले. सुतार हातोडीकडे बघू लागला. भिंगरीरावांना सगळं एकदम उमगलं. दोन तास, दोन पोटऱ्या, फोन, वाफ, आणि हे सगळं कशासाठी, तर आपण तिच्या पायात येऊ नये म्हणून. त्यांना राग आला, चांगलाच आला. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिच्या हातात कात्री तशीच होती, आणि अकरा वर्षं ज्याची वाट बघितली त्या माणसापुढे ती नुसतीच तिची उघडझाप करत होती.

"फळीचं वजन पुरतं," भिंगरीराव घसा साफ करून म्हणाले, "पण रस्त्यावरून गाडी गेली तरी फळी थरथरते. माणूस बसला, की ती थरथर माणूस घेतो. तुमच्या चार वाकतात त्या त्यामुळेच. आमच्याकडे हीच पद्धत आहे."

शेफने थोडा विचार केला. "तरीच," तो म्हणाला. "मग शनिवारी नव्वद पाठवा. पद्धत हीच ठेवा."

ग्लास भरले गेले, शेफ गेला. डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांगायला सुतार गेला. बायको टेबलापाशी येऊन उभी राहिली. काड्या निघून तास होत आला होता, आणि भिंगरीराव अजून फळीवरच बसलेले होते.

"चुकलंच माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "रागावलात?"

"नव्वद म्हणजे तीन घाणे होतील," भिंगरीराव भिंतीकडे बघत म्हणाले. "शनिवारी खाली उशी घाल."