धोंडूकाकांचा बोलका मूकपट

मॉरिशसच्या मराठी चित्रपटसृष्टीचे अनभिषिक्त सम्राट म्हणजे आमचे शेजारी धोंडूकाका. सत्तरच्या दशकात त्या सृष्टीत दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे राज्य निर्वेध चाललं.

काका शेतीखात्यात कारकून. कॅमेरा फ्रान्सहून सुटीवर आलेल्या चुलतभावाने सोडून दिलेला, मुका. काकांच्या चौकटीत माणसं मावत, डोकी मावत नसत. दर गणपतीत तेर रूजच्या बैठकेत, म्हणजे गावाच्या सभाघरात, त्यांचा नवा चित्रपट लागे आणि पडद्याशेजारी उभे राहून काका तो अख्खा बोलून दाखवत. प्रत्येक वाक्याआधी ‘गेट’. क्रेओलमध्ये ‘बघ’.

“गेट, ऊस हालतोय. गेट, बस आली. बायजा उतरली. हिरवं लुगडं नेसलीय.”

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून त्यांची आई विचारी, “अजून ऊसच हालतोय? सिक्लोन आलंय का काय?”

“आयो, थांब की आये! हालू दे जरा.”

लोक यासाठीच येत. रिव्हिएर दू रांपारहून बस करून येत. जुन्या चित्रपटांची फर्माईश होई आणि काका एखादा शब्द चुकले तर बैठक दुरुस्त करी.

कीर्ती सदा पावसात भिजणाऱ्या क्युरपिप शहरात पोचली. तिथून रेनकोट घातलेले एक विद्वान आले. त्यांनी भाषणात सांगितलं की बिनडोक्याची माणसं हा वसाहतवादाचा निषेध आहे, आणि दिसणारी गोष्ट पुन्हा सांगणं हा प्रतिमेवरचा मूलगामी अविश्वास आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना दालपुरी वाढली आणि मग माझ्याकडे वळले.

“मास्तर, आयेला दिसत न्हाय. सांगाया नको?”

ऐंशी सालानंतर कधीतरी म्हातारी गेली. काकांनी कॅमेरा कपाटात ठेवला. कोणी विचारलं तर म्हणत, “आता कुनाला सांगू?”

पुढच्या गणपतीत गावाने फारच गळ घातली, तेव्हा काका जुनाच चित्रपट घेऊन आले. पहिल्या रांगेत आईची खुर्ची कोणीतरी सवयीने मांडली होती. दिवे मालवले, प्रोजेक्टर खडखडू लागला. काका पडद्याशेजारी उभे राहिले. त्यांचं तोंड उघडेना.

मग मागच्या रांगेतून सोनामावशी आईच्या खुर्चीला उद्देशून म्हणाली, “गेट काकी, ऊस हालतोय.”

“अजून?” दुसऱ्या कोपऱ्यातून कोणीतरी हुबेहूब म्हातारीच्या सुरात विचारलं.

बैठक हसली आणि मग सगळीच बोलू लागली. बस आली, बायजा उतरली, लुगडं हिरवंच होतं. जिथे काका खोकत तिथे कोणीतरी खोकलंसुद्धा. काका हळूच येऊन रिकाम्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. ‘समाप्त’ सगळ्यांनी एकदम म्हटलं.

दिवे लागले तरी कोणी उठेना. असा प्रयोग पुन्हा झाला नाही, असं लोक आजही सांगतात.

प्रोजेक्टरच्या भिंगावरचं झाकण काढायचं राहून गेलं होतं.