रत्नम्माचा अर्ज मोहोळला गेला

सुट्टीतली नोकरी कशी मिळवावी, हे कॉलेजातल्या बाईंनी त्या वर्षी मुलींना नीट समजावलं होतं. अर्ज स्वच्छ अक्षरात, इंग्रजीत लिहावा, स्वतः नेऊन द्यावा, मालकाच्या नजरेला नजर देऊन बोलावं. रत्नम्माने सगळं वहीत उतरवून घेतलं. पण घरात बाईंचं काही चालत नव्हतं. वडिलांनी, कल्लप्पांनी, एकच अट घातली: नव्या पेठेत, भर बाजारात, एकटीने जायचं नाही. नोकरी मिळाली नाही तर सुट्टीभर दुधनीला काकांकडे राहायचं. काकांनी तिथे एक स्थळ बघून ठेवलं होतं, आणि एकदा दुधनीला गेलं की कॉलेज संपलं, हे रत्नम्माला पुरतं ठाऊक होतं.

म्हणून सोबतीला पार्वतम्मा आत्या निघाली. आत्या निघाली म्हणून शेजारच्या केराबाई निघाल्या. त्यांना तसाही पेठेतून हिंग घ्यायचा होता. दोघींनी ठेवणीतली लुगडी काढली, रत्नम्मा इस्त्रीची साडी नेसली, आणि तिघी शिवयोगींच्या कापडाच्या दुकानी अर्ज द्यायला गेल्या.

ऐन लगीनसराई. दोन पोक्त बायका, मध्ये नीटनेटकी पोरगी आणि हातात घडी घातलेला कागद. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर असं त्रिकूट दिसलं की नव्या पेठेत त्याचा एकच अर्थ होत असे. शिवयोगी मालक गादीवरून अर्धे उठले.

"या आक्का, या. लग्नाचा बस्ता न्हवं? कवाचं लगीन?"

रत्नम्माने नजरेला नजर देऊन कागद पुढे केला. बस्त्याची यादी समजून मालकांनी तो न उघडताच गादीखाली सरकवला. पंखा वाढवला, सरबत मागवलं. एका गड्याने साड्यांचा ढीग ओतला, दुसऱ्याने नवरीला म्हणून कुंकू पुढे केलं.

"मी नोकरीसाठी आलेय," रत्नम्मा ठासून म्हणाली.

"करा की नोकरी," मालक कौतुकाने म्हणाले. "सासरचं चालत असंल तर आमची काय हरकत?"

गडी हसले. शिकलेल्या मुलीचं बोलणं त्या काळी कोणी ऐकून घेत नसे, आणि घेतलंच तर असं हसत असे. रत्नम्माचे कान तापले. तिने आत्याकडे बघितलं. आत्याच्या मांडीवर हिरवं इरकल लुगडं उलगडलेलं होतं.

"आत्या, सांग की यांना."

"सांगते गं. सरबत तर पिऊ दे."

आयुष्यभर दुकानाच्या पायरीवरूनच कापड बघून परतलेली आत्या आज प्रथमच गादीवर बसली होती. ती लवकर उठणार नव्हती. केराबाई तर दुसरा पेला मागत होत्या.

शेजारी मोहोळ गावाहून आलेलं खरंखुरं वऱ्हाड तासभर अडून बसलं होतं. नवऱ्या मुलाच्या आईला एकही साडी पसंत पडेना. आत्याला राहवेना. तिने त्या बाईच्या हातातली तांबडी साडी ओढली, सरबतात बोट बुडवून पदराच्या टोकाला चोळलं आणि तांबडं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. मालकांचा चेहरा उतरला.

"ही नगं, रंग जातोय हिचा. ही घ्या, नातीलाबी पुरंल," आत्या म्हणाली.

त्यानंतर मोहोळकरांनी आत्याने हात लावलेली प्रत्येक साडी घेतली. मालकांनी गादीखालून हाताला लागलेल्या कागदाच्या मागे भराभर यादी लिहिली आणि ती गाठोड्यात घालून वऱ्हाड वाटेला लावलं. मग ते आत्याकडे वळले.

"आक्का, तुमचा बस्ता होत राहील. लगीनसराईपुरतं दुकानात कामाला येता का?"

रत्नम्मा उभीच राहिली. अर्ज तिचा, अक्षर तिचं, रात्रभर इंग्रजी घोकलं तिनं, आणि नोकरी आत्याला.

"माझा अर्ज तुम्ही वाचलासुद्धा नाहीत," ती म्हणाली. मालकांनी गादी उचलून बघितली. खाली काही नव्हतं. अर्ज मोहोळच्या वाटेला लागला होता.

आत्याने शांतपणे पेला खाली ठेवला. "येते की. पर मी एकटी गड्यांच्यात न्हाय बसायची. संगं घरचं माणूस पायजे. ही येईल, हिलाबी पगार द्या."

मालकांनी रत्नम्माकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या, तेव्हा कल्लप्पा दारापर्यंत आले.

"रत्ना, आत्याला एकटी सोडू नको हां," ते म्हणाले. "नवी पेठ हाय ती."

रत्नम्मा आत्यामागे पायरी उतरली. चप्पल मात्र जरा जोरातच आपटली.