अण्णा आणि मधली भिंत

आमचे घरमालक अण्णा कुणाकडेही गेले की आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघतात, मग चहा घेतात. मूळचे निपाणीचे. बंगळुरात जन्मभर घरं बांधली, आता राजाजीनगरात स्वतःच्या घरात तळमजल्यावर राहतात. वर आम्ही, पुण्याचे भाडेकरू. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा बसा म्हणायच्या आधी अण्णांनी विचारलं, तुमच्याकडे ओल कुठून येते? सासूबाई अजून ते विसरलेल्या नाहीत.

मला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा सगळं संपलं. सासूबाईंनी फोनवर पपईपासून स्कूटरपर्यंत माझा पंचनामा केला. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायला लागलं होतं. मग तपासणीत कळलं की माझ्या गर्भाशयात जन्मापासूनच मधोमध एक पडदा आहे. गर्भ त्याच्यावर रुजला की त्याला पुरेसं रक्त मिळत नाही.

हे मी अण्णांच्या बायकोला, गिरिजाअक्कांना, हळूच सांगत होते. आतून अण्णा उठून आले. दुसरा कुणी पुरुष असता तर लाजून परत गेला असता. अण्णा खुर्ची ओढून बसले.

"सरी, बरं. म्हणजे मधे पार्टिशन आहे म्हण की. लोडबेअरिंग आहे काय, वरचा भार पेलतंय?"

नाही म्हटलं, दुर्बिणीतून काढता येतो, पोटही कापत नाहीत.

"मग पाड की. चूक राहणाऱ्याची नाही गं, प्लॅनची आहे. पपईनं कधी भिंत उभी राहते?"

त्या दिवशी मी हसत हसत पोटभर रडले.

ऑपरेशनच्या आधी अण्णांनी माझ्या डॉक्टरीणबाईंना गाठून राडारोडा कुठून काढणार ते विचारून घेतलं. पुढे पुन्हा दिवस राहिले. बाळ लवकर येऊ शकतं, जिने चढू नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालं! अण्णांनी एका दुपारात मजल्यांची अदलाबदल केली. आम्ही खाली, ते वर. दुखरे गुडघे घेऊन चढताना जिना बांधणाऱ्याला शिव्या घालायचे. जिना त्यांनीच बांधलेला.

सातव्या महिन्यात कळा आल्या. गाडीत बसवताना त्यांनी माझ्या पोटाला दटावलं, "स्लॅब ओला आहे अजून. स्वल्प थांब." इंजेक्शनांनी कळा थांबल्या. श्रेय अण्णांनी घेतलं.

मुलगी पायाळू होती, सिझेरियननं झाली. धडधाकट. घरी आल्यावर अण्णा एकटेच भेटायला आले आणि भिंत न वाजवताच बसले. मला भीतीच वाटली.

मग म्हणाले, "आमची तीन पोटातच गेली बघ. ही विहिरीचं पाणी ओढायची म्हणून पोरं गेली, असं आमची आई म्हणायची. ही अजून तेच धरून बसलीय. मी सांगितलं तर म्हणते, तुम्ही गवंडी, तुम्हाला काय कळतंय. तुझ्या डॉक्टरीणबाई सांगतील काय तिला?"

पुढच्या तपासणीला मला सोबत हवी असं सांगून मी अक्कांना नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारी बसवलं, सगळं विचारून घेतलं. तुमच्यातही असाच पडदा होता की दुसरं काही, ते आता सांगता येणार नाही, म्हणाल्या. पण पाणी ओढल्यानं मुलं जात नाहीत. तुमचा काही दोष नव्हता.

अक्कांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पदराला हात पुसले आणि माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, माझं बाळंतपणाचं सगळं त्यांनी केलं होतं, पण बाळाला एकदाही हात लावला नव्हता.

"मग मी हिला घेऊ काय?" त्या म्हणाल्या.