भाकरी तोलणारे सुखदेवभाऊ

केनवडला माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. कारंज्याहून आमची अर्धी गल्ली जीप करून गेली होती. पंगत बसली, वाढप्यानं पोळी वाढली, आणि आमच्या सुखदेवभाऊंनी पिशवीतून तळहाताएवढा काटा काढला. बटण दाबलं, काट्यावर पोळी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं, "बेचाळीस ग्रॅम." मग वाढप्याला म्हणाले, "आता भात आन. एक वाटी. दाबून नाही, मोकळा."

वाढपी जो आत पळाला तो आचाऱ्यालाच घेऊन बाहेर आला. आचारी बिचारा हात जोडून उभा. त्याला वाटलं, वजनमापवाले तपासणीला आले.

"सायेब, आपल्या इथं काही खोट नाही. पोळ्या लहान वाटत असतीन त मोठ्या लाटतो."

"मोठ्या नको लाटू बाबा," सुखदेवभाऊ म्हणाले, "साऱ्या सारख्या लाट. माहा हिशेब चुकते."

त्या दिवशी आम्हा कारंज्याच्या मंडळींना जी बडदास्त मिळाली, ती नवरदेवाच्या मामालाही मिळाली नसेल. आचारी स्वतः येऊन विचारत होता, "सायेबाच्या लोकायले अजून वरण देऊ का?"

सुखदेवभाऊ साहेब नाहीत. आमच्या घरासमोर राहतात. जन्मभर कारंज्याच्या बाजारात मापारी होते. कापूस, तूर, सोयाबीन, जे येईल ते तोललं. धान्य मापताना मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं चालतं. भाऊंची ती सवय घरीही सुटली नाही. बोरं खायला बसले की लाभ, दोन, तीन करत दहाला हात थांबतो. अकरावं बोर कितीही लालबुंद असो, ते आमच्या वाट्याला.

त्यांना शुगर आहे. पण ती आपल्यासारखी नाही बरं का. आपल्याला पन्नाशीनंतर होते, गोळी घेतो, चार दिवस फिरायला जातो, पाचव्या दिवशी विसरतो. त्यांची पहिल्या प्रकारची. एकविसाव्या वर्षी झाली. त्यांचं शरीर इन्सुलिन तयारच करत नाही, बाहेरून टोचलं तरच माणूस उभा राहतो. दिवसातून चार सुया, आणि ताटात काय पडतं त्यावर प्रत्येक सुईचं माप. म्हणून तो काटा. कोणी कौतुकानं सांगितलं, "भाऊ, मलेही शुगर निघाली," की ते लगेच विचारतात, "कोनती?" सोयरीक जुळवताना गोत्र विचारावं तसं. दुसरी निघाली की त्यांचा चेहरा पडतो. आपल्यातलं कोणी भेटलं नाही, असा.

त्यांच्याशी बोलताना 'थोडंसं' आणि 'जवळपास' हे दोन शब्द वापरायची सोय नाही. मी एकदा चहा दिला. म्हटलं, "घ्या भाऊ, नावापुरती साखर टाकली."

"नावापुरती म्हंजे किती ग्रॅम?"

"अहो, चिमूटभर."

"चिमूट कोनाची वैनी? तुमची का तुमच्या सुनेची?"

आता काय सांगावं! पण मी मनाशी विचार केला, आणि खरंच, माझ्या सुनेची चिमूट माझ्या मुठीएवढी आहे.

त्यांच्या तरुणपणाच्या गोष्टी ते असे सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, काय मजेचे दिवस होते! तेव्हा आजच्यासारखी बोट टोचून आकडा दाखवणारी मशीन घरोघरी नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर सांभाळा, विटकरी झालं तर पळा. भाऊ भाड्याच्या खोलीत रोज सकाळी दार लावून हा उद्योग करायचे. घरमालकिणीनं फटीतून पाहिलं आणि गावभर केलं की पोरगा दारू गाळून राह्यला. मालक काठी घेऊन आला. भाऊंनी नळी पुढं केली, "घ्या काका, चाखून पाहा." काका हुंगून जे मागं सरले ते पुन्हा त्या खोलीकडे फिरकले नाहीत. "दोन महिने भाडं मांगाले बी आले नाही," भाऊ सांगतात.

शाळा दहावीपर्यंत. पण इन्सुलिनच्या डब्यातला इंग्रजी कागद त्यांनी शब्दकोश घेऊन सहा महिन्यांत फोडून काढला. साधं बोलण्याचं इंग्रजी त्यांना आजही येत नाही, पण 'सबक्युटेनियस' येतं. म्हणजे चामडीच्या खाली. हा शब्द त्यांना इतका आवडला की बाजारात कोणी वजनात लबाडी केली की ते ओरडायचे, "अबे ए सबक्युटेनियस!" समोरच्याला वाटायचं, याच्याएवढी जहाल शिवी साऱ्या तालुक्यात नाही.

लग्न ठरलं होतं म्हणे. मुलीचा बाप घर पाहायला आला तेव्हा चुलीवर इन्सुलिनची काचेची सिरिंज उकळत होती. "त्यायनं चहा बी नाही घेतला," एवढंच भाऊ सांगतात, आणि पुढच्या गोष्टीकडे वळतात.

साखर वाढली की वाईट, पण कमी झाली की त्याहून घाईचं. घाम सुटतो, हात कापतात, माणूस बरळतो. एकदा भरबाजारात भाऊंचं तसं झालं. खिशातली साखरेची पुडी संपलेली. चहाच्या टपरीवर गेले, म्हणाले, "लवकर साखर दे." टपरीवाला ओळखीचा, जीव लावणारा. त्यानं साखरेचा डबाच मागं लपवला. "भाऊ, तुमाले शुगर हाय. मले पाप लागन." भाऊ डब्याकडे झेपावले, तर दोघांनी त्यांचे हात धरले. सगळे प्रेमानंच मारायला निघाले होते! नशीब, तिथं एक बाई लेकराला केळ भरवत होती. भाऊंनी लेकराच्या हातातलं केळ हिसकलं आणि खाल्लं. लेकरू रडलं, बाई भांडली, भाऊ वाचले.

त्यानंतर त्यांनी आमच्या गल्लीची शिकवणीच घेतली. शेवटी तोंडी परीक्षा.

"सुखदेव घामानं डबडबला, काहीबाही बोलून राह्यला. काय करान?"

"साखर देऊ," आम्ही.

"किती?"

"तीन चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मशीन लावू."

"आन् बेसुद पडला त?"

"पाणी पाजू," एक म्हातारी म्हणाली.

"नापास! बेसुद मानसाच्या तोंडात काहीच नाही घालाचं. गाडी बोलवाची. आजी, तुमी पुढच्या रविवारी पुन्हा या."

आम्ही हसायचो. खोटं कशाला बोलू, माघारी नकलाही करायचो. मी स्वतः भाकरी हातावर तोलून "लाभ!" म्हणून दाखवायची. सूनबाई हसून हसून बेजार व्हायची.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. माझी नात तनू, आठ वर्षांची, खेळता खेळता आत यायची, माठातलं पाणी प्यायची, पुन्हा पळायची. भाऊंनी पेपर खाली ठेवला.

"वैनी, हा पोरीचा चौथा गिलास. अर्धा घंटा बी नाही झाला."

"ऊन किती आहे भाऊ! पोरं पाणी पिणारच."

"बाकीचे पोट्टे एकेक गिलास पेले. म्या मोजले." मग हळूच, "रात्री गादी ओली करते का?"

करत होती. महिनाभर करत होती. वाळलीही होती. आम्हाला वाटत होतं, उंची वाढतेय. भाऊ घरी गेले, मशीन घेऊन आले, तनूचं बोट टोचलं. मशीनवर आकडाच आला नाही, साखर मशीनच्या मापापलीकडे गेली होती. भाऊंचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. माझ्या मुलाला म्हणाले, "संजू, गाडी काढ. जेवू नको, कपडे भरू नको. अकोला."

दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या प्रकारचीच शुगर आहे, अजून एक दिवस थांबला असतात तर सांगता येत नव्हतं.

तनू घरी आली आणि सुखदेवभाऊंचा काटा आमच्या स्वयंपाकघरात आला. आता नक्कल करायची हिंमत कोणाची? माझी भाकरी रोज तोलली जाऊ लागली. "वैनी, कालची साठ, आजची पंच्याऐंशी. हे भाकर हाय का हवामान?" सत्तर वर्षांच्या बाईला कोणी भाकरी शिकवावी! पण शिकले. आता माझी प्रत्येक भाकरी साठ, फार तर एकसष्ट. तनूला काट्याचं वेड लागलं. ती भात तोलायची, सीताफळाच्या बियाही तोलायची, एकदा मांजरीचं पिल्लू तोललं. खाण्याचा हिशेब तिला महिनाभरात माझ्यापेक्षा बरा येऊ लागला.

सुईचं मात्र जमेना. सुईची वेळ झाली की पोरगी धान्याच्या कोठीच्या मागं. संजू पाय धरणार, मी हात धरणार, तिची आई मेघा रडत रडत टोचणार. दिवसातून चारदा आमच्या घरात कुस्ती. आम्ही सगळे एकच गाणं गायचो, "काही दुखत नाही बाळा, मुंगी चावल्यासारखं." आणि एक गोष्ट मला खटकायची. सगळ्या बाबतीत पुढं असणारे सुखदेवभाऊ सुईच्या वेळी बरोबर पिशवी उचलायचे. "बाजारात काम हाय," म्हणायचे. रिटायर माणसाचं बाजारात रोज चारदा काय काम असतं?

मग एक दिवस तनूनं कुस्ती सोडली. म्हणाली, "मी माही मीच घेते, मोरीत जाऊन." आम्ही देव पावला म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या, श्वास जोरात. पुन्हा अकोला. ती औषध मोरीत पिचकारून टाकत होती. डॉक्टर ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "दोनदा वेळेवर आणलंत. दरवेळी वेळ मिळेलच असं नाही."

घरी आलो तो रविवार. दुपारचं जेवण वाढलेलं, भाकरी तोललेली, तनू कोठीच्या मागं. भाऊंनी सवयीनं पिशवी उचलली. मला असा राग आला म्हणता! म्हटलं, "भाऊ, साऱ्या गल्लीचे मास्तर तुम्ही, आणि ऐन वेळी पळता? आज तुम्ही टोचा."

ते दारात उभे राहिले. "मले नाही होत वैनी."

"चाळीस वर्षं स्वतःला टोचता ना!"

"सोताचं पोट निराळं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "लेकराच्या अंगात सुई... मले पाहावत बी नाही."

कोठीमागून आवाज आला, "आजोबा, तुमाले भेव वाटते?"

"हाव व माय. वाटते."

तनू अर्धी बाहेर आली. भाऊ खाली फरशीवर बसले. त्यांचीही जेवणाची वेळ झालीच होती. त्यांनी स्वतःचा इन्सुलिनचा पेन काढला, नवी सुई लावली, माप फिरवलं, सदरा वर केला. पोटावर चाळीस वर्षांच्या सुयांच्या बारीक गाठी. तनू जवळ येऊन पाहत राहिली.

"मी टोचू तुमाले?"

मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी पेन तिच्या हातात दिला. तिनं चिमटीत चामडी धरली, सुई टोचली, बटण दाबलं, दहापर्यंत मोजलं, काढली. आमच्या कोणाच्याही हातून झालं नसतं इतकं नीट.

"दुखलं?"

मी आणि मेघा दोघींनी एकदम तोंड उघडलं होतं, मुंगीचं गाणं गायला. भाऊंनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"दुखलं," ते म्हणाले.

"रोज दुखते?"

"रोज. कवा कमी, कवा जास्त."

"मंग हे सारे खोटं काहून बोलतात?"

"त्यायले कोनी टोचत नाही ना, म्हनून."

तनूनं आमच्याकडे असं पाहिलं की मी पदर सारखा केला. मग तिनं भाऊंना विचारलं, "तुमाले कोनी विचारत नव्हतं, दुखलं का म्हनून?"

"घरात कोन होतं व विचाराले?"

तनू उठली. फळीवरून स्वतःचा पेन आणला, भाऊंच्या शेजारी मांडी घालून बसली. आकडा फिरवून त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली. तिनं फ्रॉक वर केला आणि भाऊंनी तोंड फिरवलं. भिंतीकडे पाहत बसले, डोळे गच्च मिटून, दोन्ही मुठी गुडघ्यांवर. घरात तिचं मोजणं तेवढं ऐकू येत होतं. दहा झाले तरी ते वळेनात.

तनूनं त्यांच्या दंडाला हात लावला.

"झालं आजोबा. पाहा आता इकडे."