स्वरा दिसत नसल्याबाबत

इशारा हा वाचण्यासाठी नसतो, पुढे जाण्यासाठी असतो. आमच्या इमारतीत केलेल्या पाहणीनुसार (नमुना : मी आणि समोरची दीपा) शंभर टक्के सुशिक्षित महिला तो न वाचताच 'समजलं' दाबतात. माझ्या लॅपटॉपवर अपडेटआधी आलेला इशारा असा होता : 'ही पूर्वचाचणीची आवृत्ती आहे. रोजच्या कामाच्या यंत्रावर घेऊ नये.' मला समजलं.

माझ्या यंत्राचं रोजचं काम एकच. आतल्या खोलीत माझी दहा महिन्यांची स्वरा झोपते आणि मी बाहेर बसून तिला पडद्यावर बघते. उठून बघता येतं, नाही असं नाही. पण दार कुरकुरतं आणि ती जागी होते. म्हणून कपाटावर कॅमेरा बसवला. त्याची वायर दारातून बाहेर काढल्यामुळे दार आता लागतच नाही (म्हणजे कुरकुरण्याचा प्रश्न तसा तिथेच सुटला होता).

अपडेट झालं आणि कॅमेऱ्याचा ड्रायव्हर (म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर) गेला. शुक्रवार होता, बोईसरच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, म्हणून तिथून माझा दीर भाग्येश धावून आला. इतक्या घाईने की बाहेरचं दारही लोटलं नाही. त्याने जुना ड्रायव्हर घातला. लगेच सुरक्षा विभाग (लॅपटॉपमधला) जागा झाला : 'एक अनोळखी व्यक्ती या खोलीवर नजर ठेवत आहे. तिला अडवण्यात आले आहे.' ती व्यक्ती मी. मग सुरक्षिततेसाठी सुरक्षा बंद केली, रीस्टार्ट केलं आणि चित्र आलं.

गादी दिसली. दुपटं दिसलं. पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारं कॅलेंडर दिसलं. स्वरा दिसेना.

"वहिनी, घाबरू नका. बाकी सगळं येतंय म्हणजे ड्रायव्हर अर्धवट बसलाय," भाग्येश म्हणाला.

"पण नेमकी तीच कशी येत नाही?"

"बारीक गोष्टींना वेळ लागतो."

मला पटलं. मी पदवीधर आहे. आम्ही उजेड वाढवला, रंग बदलले, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. गादी उत्तरोत्तर सुरेख दिसू लागली. उठून आत बघावं, असं दोनदा मनात आलं. पण मी उठायला आणि ती पडद्यावर दिसायला एकच गाठ पडली तर? म्हणून हलले नाही.

तेवढ्यात शेजारच्या रत्नाबाई दारात आल्या. मूळच्या दातिवऱ्याच्या, आवाज समुद्रावरचा. कडेवर स्वरा.

"अगं बाय, पोर जिन्याच्या तोंडाशी बसली व्हती! एक पाय खाली सोडून! आनि तुमी दोगं त्या डब्यात काय बगता?"

मी स्वराला ओढून घेतलं. भाग्येशने पडद्यावरच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं आणि समाधानाने लॅपटॉप मिटला.

"म्हणजे कॅमेरा बरोबर होता."

तक्रार निकाली निघाली.

तुम्ही हसलात, हसा. मनोरला एकट्या राहणाऱ्या तुमच्या आईचा रोज सकाळी फुलांचा मेसेज येतो ना? तो आला की ती बरी आहे, असं तुमचं ठरलेलं. आज आला नाही. नेटवर्क गेलं असेल, म्हणालात (आम्हीही साधारण हेच म्हणत होतो).

हे वाचणं राहू दे. आधी जाऊन बघा.