मालवणी बोलणारा जपानी चोर

आमच्या शेजारच्या सावंतांनी एका जपानी चोराला मालवणी बोलायला लावलं आहे. चोर कार्टूनमधला, त्यामुळे बिचाऱ्याला तक्रार करता येत नाही. मी जिवंत आहे, शिवाय पुण्याची आहे, तेव्हा मीच करते.

शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या दोन फ्लॅटमधली भिंत पापडाएवढी. शनिवारी दुपारी मी जरा कुठे आडवी होते, तोच पलीकडे सावंत टीव्हीचा आवाज बंद करतात आणि स्वतःचा सुरू करतात. सिनेमा कायम तोच. एक लुकडा, जगप्रसिद्ध चोर बेटावरच्या संग्रहालयातून हिरा पळवतो आणि एक इन्स्पेक्टर त्याच्यामागे धावतो. सगळे जपानीत बोलतात, खाली इंग्रजी सबटायटल. सावंतांना जपानी येत नाही, आणि सबटायटल वाचून होईस्तोवर पुढचं येतं. मग काय, तोंडाला येईल ते बोलतात. सावंत शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन सांभाळतात, म्हणून चोर तिजोरीला कान लावून "गॅस्केट गेलो" म्हणतो. तिजोरी उघडली की गोडाऊनमधल्या अरबीसकट, "यल्ला, खलास, विषय संपलो."

हा सगळा उपद्व्याप त्यांच्या आईसाठी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजींसाठी. आजी कुडाळहून साठ दिवसांच्या व्हिसावर आलेल्या. त्या मालवणीत विचारतात, अकरा वर्षांचा नातू आर्यन इंग्रजीत उत्तर देतो, मग दोघं एकमेकांकडे बघून हसतात आणि गप्पा संपतात. सावंत आणि त्यांची बायको सुनीता दिवसभर कामावर. पंधराव्या दिवशी आजींनी पिशवी भरून दाराशी ठेवली. "हय माझ्यावांगडा बोलणारा कोण नाय. माका घराक धाड."

सावंतांचा चेहरा एवढासा झाला. त्याच आठवड्यात आर्यन हा सिनेमा बघत बसला होता आणि त्यातला इन्स्पेक्टर तळ्यात पडला. आजी आणि नातू एकदम हसले.

"वहिनी, दोघं एकाच जागी हसले!" सावंत मला लिफ्टमध्ये सांगत होते. "आता हा सिनेमा बंद पडता कामा नये."

पुढच्या शनिवारी त्यांनी तो मालवणीत सुरू केला. आजी म्हणाल्या, एवढा बघून जातंय. त्यानंतरच्या शनिवारीही तेच म्हणाल्या. पिशवी दाराशी, आजी सोफ्यावर.

मी भिंतीवर थाप मारली, तर सावंतांनी मलाच घरी बोलावून कामाला लावलं.

"चोर मी करतो, इन्स्पेक्टर तुम्ही करा. पुण्याचं मराठी पोलिसाला शोभतं."

हे कौतुक होतं का, ते मला अजून कळलेलं नाही. मी माइकसारखा रिमोट धरून "थांब!" म्हटलं, तर म्हणाले, "थांबा म्हणा. पुण्याचा इन्स्पेक्टर चोराला अहो-जाहो करतो आणि मग अपमान करतो." माझा नवरा पोट धरधरून हसला. त्याला काय जातंय हसायला, ताटकळत मी उभी असते.

ताटकळायचं कारण वेगळंच. एकदा आजींनी मध्येच विचारलं, "ह्येची आवस खय आसा?" मूळ सिनेमात चोराला आई नाही. सावंतांनी तिथल्या तिथे दिली. तेव्हापासून चोराने फोन उचलला की तो आईलाच असतो. "आये, जेवलंय गे. तू जेवलंस? गोळी घेतलंस?"

"डॅड, ही नेव्हर सेड दॅट," आर्यन म्हणतो. "ही सेड, ब्लो अप द ब्रिज."

"तू गप रव."

पूल उडतो, माणसं पळतात, आणि ह्यांच्या आईच्या गोळ्या चालूच. शेवटी मी वैतागून विचारलं, "अहो, आई शेजारी बसल्यात. त्यांनाच सरळ विचारा ना, गोळी घेतली का."

सावंत ओशाळले. "आमच्याकडे आईशी असं बोलत नाहीत, वहिनी. ती वाढते, आम्ही जेवतो."

व्हिसा संपायला तीन दिवस उरले होते, तेव्हाचा शनिवार. मुदत वाढवायचा अर्ज सावंतांनी भरून खिशात ठेवला होता. सुनीताने मला सकाळी सांगितलं, आठ दिवस तो खिशातच आहे, ह्यांचं तोंड काही उघडत नाही.

सिनेमा संपत आला. चोर छोट्या गाडीत बसून आपल्याकडे पाठ करून निघाला. समुद्र, रस्ता, मग जपानी नावं वर सरकायला लागली. शेवटचं वाक्य इन्स्पेक्टरचं असतं. मी तोंड उघडलं, पण सावंतांचं झालं नव्हतं. ते टीव्हीकडेच बघत होते.

"आये," चोर म्हणाला, "रव गे. आजून म्हयनोभर रव. तू गेलंस काय घर खावक उठतला."

आर्यनने बापाकडे पाहिलं. ही नेव्हर सेड दॅट, असं तो ह्या वेळी म्हणाला नाही. त्याला मालवणी किती कळली कोण जाणे.

आजींची नजर त्या सरकणाऱ्या नावांवर होती. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"रवतंय," त्या टीव्हीला म्हणाल्या. "पण त्या चोराक सांग, कामावरना इलो काय माझ्याकडे जरा बस."

सावंत "होय" म्हणाले. चोराच्या आवाजात नाही, त्यांच्या स्वतःच्या, आणि तो इतका बारीक होता की भिंतीपलीकडे मला कधीच ऐकू आला नसता.